पुढचं गाणं खुर्चीवर बसलेले लोक ठरवतात

वाचकांचे प्रश्न या सदरात या महिन्याचा विषय आहे डीजे गाणी कशी निवडतो. उत्तरं देतायत पनवेल-उरण भागात १७ वर्षं हळदी, लग्नं आणि मिरवणुका वाजवणारे एक डीजे.

प्रश्न : दादा, डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे. मैत्रिणींनी आणि मी मिळून संगीतसाठी १४० गाण्यांची लिस्ट केली, डीजेला पाठवली, तर तो म्हणतो यातली १५ निवडा आणि बाकीचं माझ्यावर सोडा. पैसे आम्ही देतोय मग गाणी आमची का नाहीत? (एक नवरी, डोंबिवली)

ताई, आधी मनापासून अभिनंदन. आता साधा हिशोब बघ, हॉल तुला मिळणार ७ ते १०, म्हणजे १८० मिनिटं. त्यात घरच्यांचे बसवलेले डान्स, केक, फोटो, अँकरचं बोलणं यात सव्वा तास आरामात जातो, उरले १०५ मिनिटं, आणि डीजे एक गाणं साधारण दीड ते दोन मिनिटंच वाजवतो, म्हणजे झाली ५०-७० गाणी. १४० बसणारच नाहीत, कुणीही आलं तरी.

पण खरं कारण हिशोबाचं नाहीये. लिस्ट तू घरी बसून केलीस, हेडफोन लावून, आणि त्या रात्री समोर कोण असेल ते लिस्टला माहीत नसतं. मी कन्सोलवर उभा राहिलो की नाचणाऱ्यांकडे फार बघत नाही, ते नाचतच असतात. मी बघतो खुर्च्यांकडे. कोण बसलंय, कुणाचा पाय हलतोय, कुणी ताट ठेवलं पण उठत नाहीये, नवऱ्याकडचा कुणी दादा खांबाला टेकून खिशात हात घालून उभा आहे पण मान हलतेय. पुढचं गाणं त्याच्यासाठी असतं. तो उतरला की त्याच्याबरोबर आणखी चार उतरतात. पुढचं गाणं जर मधल्या त्याच दहा जणांसाठी लावत राहिलो ना तर अर्ध्या तासात ते दमतात आणि फ्लोअर रिकामा, मग तुमची लिस्ट कितीही भारी असू दे.

म्हणून तुझ्या डीजेने १५ मागितली ते बरोबरच केलं. मी तर क्लायंटकडून तीनच गोष्टी मागतो. वाजलीच पाहिजेत अशी १०-१५, अजिबात वाजवायची नाहीत अशी ५ (ही लिस्ट जास्त महत्त्वाची, एखादं गाणं घरातल्या वारलेल्या माणसाचं आवडतं असतं आणि ते लागलं की सगळी आई-मावशी रडायला लागते, हे आम्हाला बाहेरच्यांना कसं कळणार), आणि तिसरं म्हणजे प्रत्येक गाण्यापुढे ते कुणासाठी आहे ते. नुसतं गाण्याचं नाव नको, 'मोठे मामा', 'ऑफिसवाले', 'नवऱ्याचे शाळेतले मित्र' असं लिही. मग ते गाणं कधी लावायचं ते आपोआप कळतं, कारण मोठे मामा साडेनऊला जेवून निघतात.

प्रश्न : मी लॅपटॉपवर डीजेइंग शिकतोय. सॉफ्टवेअर बीपीएम (मिनिटाला किती ठोके) दाखवतं, गाण्याची 'की' दाखवतं, दोन गाण्यांची लय जुळवणारं सिंक बटण आहे. तरी माझं मिक्सिंग मराठी गाण्यांवर आलं की फिसकटतं. काय चुकतंय? (कॉलेजचा विद्यार्थी, नाशिक)

मित्रा, तुझं फार काही चुकत नाहीये, गाणीच वेगळी आहेत. हाऊस म्युझिक घे, सगळं १२० ते १३० बीपीएमच्या आसपास, मशीनवर बनवलेलं, ३२ बीट्सनंतर काहीतरी बदलणार हे ठरलेलं, सुरुवातीला आणि शेवटी नुसते ड्रम्स ठेवलेले असतात ते डीजेला जोडायला सोपं जावं म्हणूनच. आपलं जुनं मराठी गाणं ढोलकीवाल्याने, तबलेवाल्याने हाताने वाजवलंय. मुखड्याला जी लय असते ती दुसऱ्या अंतऱ्याला थोडी चढलेली असते, माणूस आहे तो, रंगात आला की चढतो. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा पूर्ण गाण्याला एकच आकडा चिकटवतं आणि ग्रिड, म्हणजे ठोके कुठे पडतात ते दाखवणाऱ्या रेघा, सरकते. सिंक बटण त्या चुकीच्या ग्रिडला सिंक करतं. उपाय एकच, जुन्या गाण्यांची ग्रिड हाताने नीट कर, निदान जिथे जोडणार आहेस तेवढ्या ८-१६ बीट्सची तरी.

दुसरी गोष्ट, ठेका. बहुतेक कोळीगीतं सहा मात्रांच्या ठेक्यात, दादऱ्यासारखी झुलणारी, आणि हिंदी-पंजाबी बरंचसं चारात. सहाचं गाणं चारावर चढवलंस तर बीपीएम जुळला तरी पाय जुळत नाहीत, नाचणाऱ्याचा पाय हवेतच राहतो आणि तो तुझ्याकडे बघायला लागतो. इथे मिक्स करायचंच नाही. ओळ संपू द्यायची, आवाज कट, अर्धा सेकंद शांतता नाहीतर एक ढोलाचा फटका, आणि नवीन गाणं थेट मुखड्यापासून. लोकांना तो झटका आवडतो, ओरडतात. मी पहिली दोन-तीन वर्षं सगळं गुळगुळीत जोडायच्या नादात होतो, मग एका बेंजो पार्टीच्या मास्तरने सांगितलं की अरे आम्ही पण ठेका बदलताना थांबतो, पब्लिकला श्वास घेऊ दे.

आणि सॉफ्टवेअर ७५ दाखवतंय आणि पुढचं गाणं १५० असेल तर घाबरू नकोस, ते एकाच घरातले, दुप्पट लय आहे. तिथून उडी मारता येते.

की म्हणजे सूर. ते ८ए, ९ए असे जे आकडे दिसतात ते कॅमेलॉट चाकाचे, ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर, शेजारच्या आकड्यावर जा किंवा त्याच आकड्यात ए-बी बदल, सूर भांडत नाहीत. दोन गाण्यांचं गायन एकमेकांवर चढणार असेल तेव्हा हे बघ. नुसते ढोल चालू आहेत तिथे त्याची गरज नाही, त्यात रात्र घालवू नकोस. त्यापेक्षा प्रत्येक गाणं पूर्ण ऐक, कुठे लोक गातात तिथे हॉट क्यू लाव, म्हणजे एका बटणात थेट तिथे जाता येईल अशी खूण. दुसऱ्या अंतऱ्याचे शब्द जवळपास कुणालाच येत नाहीत आणि फ्लोअर तिथेच सैल पडतो. मी पहिला अंतरा झाला, मुखडा परत आला, की बाहेर पडतो.

प्रश्न : आमच्याकडे लागोपाठ चार लग्नं झाली, चारही ठिकाणी तीच गाणी! झिंगाट, रिक्षावाला, नवरी नटली. तुम्हा लोकांना दुसरं काही सापडत नाही का? (एक काकू, सातारा)

काकू, तुमचा राग समजतो. आम्ही एका सीझनला ४०-५० लग्नं वाजवतो, आम्हाला तर ती गाणी झोपेतही ऐकू येतात. पण त्या लग्नातल्या नवरीचं ते पहिलंच लग्न असतं हो. 'सैराट' २०१६ चा, इतकी वर्षं झाली, तरी झिंगाटचे पहिले दोन-चार सेकंद वाजले की लोक ताट टाकून येतात, आणि त्या पहिल्या सेकंदांवरच आमचं सगळं चालतं. माणूस गाणं ओळखतो, मग उठतो. न ओळखलेल्या गाण्यावर उठायला त्याला आधी ऐकावं लागतं, आणि मांडवात कुणी ऐकत बसत नाही. छगन चौगुलेंचं नवरी नटली तर खंडोबाच्या जागरणातलं गाणं, ते लागलं की वावरातला म्हातारा माणूसही हात वर करतो. असं गाणं काढून टाकायला माझं मन होत नाही.

पण काकू, ती गाणी एकामागे एक ओतणं हा आळस आहे, तिथे तुम्ही बरोबर आहात. ओळखीचं गाणं म्हणजे डीजेकडचे पैसे, ते जपून खर्च करायचे. मी दोन ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये एक नवीन घालतो, फक्त मिनिटभर. लोक पहिल्याच्या जोरावर त्यातून निघून जातात आणि तिसरं ओळखीचं आलं की परत उसळतात, आणि नवीन गाणं कानावरून गेलेलं असतं. संजू राठोडचं गुलाबी साडी २०२४ च्या सुरुवातीला आलं तेव्हा मी असंच लावलं होतं. पोरींनी रील्सवर बघितलेला तेवढा तुकडाच त्यांना येत होता, त्यावर पूर्ण नाचल्या, बाकी गाण्याला उभ्या. दुसऱ्या दिवशी मी तो तुकडाच दोनदा येईल असं कापून ठेवलं.

हे कापणं काही आमचा शोध नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला कूल हर्क नावाच्या पोराने बहिणीच्या पार्टीत वाजवलं, त्याचं लक्ष होतं की लोक गाण्यातल्या नुसत्या ड्रमच्या तुकड्यावर जास्त नाचतात, मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या लावून तोच तुकडा लांबवायचा. हिप-हॉपचा जन्म लोक तिथपासून मोजतात. म्हणजे तिथेही सुरुवात नाचणाऱ्यांच्या पायाकडे बघूनच झाली.

आणि एक गंमतीचं सांगतो काकू, पुढच्या लग्नात लक्ष ठेवा. 'जत्रा' मधलं कोंबडी पळाली आणि नंतर हिंदीत आलेलं चिकनी चमेली, दोन्ही अजय-अतुलची आणि चाल एकच. मी कोंबडी पळाली लावतो, चाळिशीतले सगळे येतात, मग मुखड्यावरच हिंदीत जातो आणि त्यांची पोरं धावत येतात. एकाच चालीवर दोन पिढ्या एका जागी. असं जमलं की त्या रात्री मला घरी गेल्यावर झोप येत नाही.

प्रश्न : पाहुणे सारखे येऊन हे लाव ते लाव करतात, कोणी नोट पुढे करतो. कुणाचं ऐकायचं? (नवीन डीजे, बारामती)

नोट घेऊ नकोस. घेतलीस की रात्र त्याची झाली. नाव विचार, फोनमध्ये लिही, त्याच्यासमोर लिही म्हणजे त्याला बरं वाटतं, आणि 'येतंय दादा' म्हण. मग ते गाणं त्याच्या शेजारपाजारची गाणी चालू होतील तेव्हा लाव. लावणी मागितली असेल तर वाजले की बारा च्या पुढे-मागे, पंजाबी मागितलं असेल तर त्या घोळक्यात. लगेच लावलंस तर एक माणूस खूश आणि ऐंशी माणसं थांबलेली.

नाही म्हणायचं कुठे तेही ठरवून ठेव. नवरी-नवऱ्याकडच्यांना टोमणा बसेल असं गाणं नाही. दारू पिऊन कोणी गावातल्या राजकारणाचं किंवा एखाद्या समाजाच्या जोरावरचं गाणं मागितलं तर नाही, भांडण गाण्यावरून सुरू होतं आणि स्पीकर आपले फुटतात. देवीच्या गाण्याला जपून. आमच्याकडे एकविरा आईचं गाणं हळदीला लागतंच, पण बायकांच्या अंगात येतं, तेव्हा गाणं मध्येच तोडायचं नाही, हळूहळू आवाज खाली आणायचा आणि मोठ्या बायकांना सांभाळू द्यायचं. त्याच्या आगेमागे आयटम साँग लावणारा डीजे मला डीजे वाटत नाही. तसंच बौद्ध घरच्या लग्नात भीमगीतं कधी आणि किती हे घरच्या मोठ्यांना आधी विचार, शिंदे घराण्याची गाणी सगळ्यांना पाठ असतात, लोक नुसते नाचत नाहीत, गातात, तेव्हा आवाज थोडा कमी कर म्हणजे त्यांचा आवाज त्यांना ऐकू येईल.

प्रश्न : आमचं मंडळ छोटं आहे. मिरवणुकीत डॉल्बी लावायची की नाही यावरून दोन गट पडलेत. गाणी नीट निवडली तर कमी आवाजात मजा येईल का? (मंडळाचा कार्यकर्ता, कोल्हापूर)

येईल, आणि मी हे स्पीकरवाला असून सांगतोय. तुमच्याकडे डॉल्बी म्हणतात, आमच्याकडे त्या स्पीकरच्या भिंतीलाच डीजे म्हणतात, म्हणजे माणूस गायबच. तिथेच गडबड झाली. गाणं निवडणं बंद पडलं आणि नुसतं प्रेशर किती यावर मंडळांची स्पर्धा सुरू झाली. छातीत धडधडतं त्याला लोक मजा म्हणायला लागले. दुसऱ्या मजल्यावर हार्टचा पेशंट झोपलेला असतो हो.

मिरवणूक आणि हॉल यात मोठा फरक आहे. हॉलमध्ये लोक एका जागी, रस्त्यावर ते चालतात, चार पावलं पुढे, थांबा, परत चार पावलं. फास्ट गाणं लावलं की पुढचे उड्या मारत बसतात आणि मूर्ती जागेवरच. मी चालायच्या लयीची गाणी निवडतो, ढोल-ताशाच्या अंगाची, आणि चौक आला की तिथे एकच जोराचं. दवाखाना आला की बंद, बोर्ड दिसायच्या आधीच बंद. २००० सालच्या ध्वनी नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत परवानगी देऊ शकतं, आणि वस्तीच्या भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. त्यात प्रेशरची भिंत बसतच नाही. पण हलगी, घुमकं आणि दोन साधे स्पीकर बसवता येतात. तुमच्या कोल्हापूरची हलगी असताना डॉल्बी कशाला पाहिजे, मला खरंच कळत नाही.

प्रश्न : क्लबमधले टेक्नो-ट्रान्सवाले डीजेही असंच निवडतात का? (एक वाचक, म्हापसा)

तुम्ही तर हणजुण्याच्या शेजारचेच. तिथे गोवा गिल नावाचा कॅलिफोर्नियाहून आलेला माणूस होता, २०२३ मध्ये गेला, तो डॅट टेपवरून, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवरून वाजवायचा. टेपवर बीट जुळवणं जवळपास होत नाही, म्हणजे त्याच्याकडे फक्त क्रमच होता. रात्री गडद, जड संगीत आणि सूर्य उगवायला लागला की हलकं, मोकळं. कुठलं गाणं यापेक्षा ते किती वाजता, एवढ्यावर त्याने रात्रीच्या रात्री उभ्या केल्या. आमच्या हळदीत सूर्याऐवजी जेवणाची पंगत असते, बाकी तेच. क्लबमध्ये सुरुवातीला वाजवणाऱ्याने मोठी गाणी पुढच्यासाठी ठेवायची असतात, ही शिस्त मात्र आमच्याकडे यायला हवी.

प्रश्न : माझी आजी धवला म्हणायची. आता हळदीला संध्याकाळपासून डीजे सुरू होतो, धवलारिणीचं कुणाला ऐकू येत नाही. तुम्ही लोकांनी ते संपवलंत असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं? (एक वाचक, अलिबाग)

ताई, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आगरी-कोळ्यांच्या लग्नात विधी धवल्याने, म्हणजे विधींच्या पारंपरिक गाण्यांनी लागतात, धवलारीण म्हणजे ती गाणी म्हणणारी बाई, तिच्याशिवाय हळद लागत नाही असं मानतात. आणि हो, आमच्या आवाजाने ते दाबलं. मीही दाबलंय.

काही वर्षांपूर्वी उरणजवळच्या एका गावात हळद होती, मांडव भरलेला, मी रंगात, आणि लाईट गेली. जनरेटरवाला बाहेर चहाला गेलेला, त्याला शोधून आणून चालू करेपर्यंत पाच-सात मिनिटं गेली. अंधारात पहिल्यांदा मला आतला आवाज ऐकू आला. ओटीवर तीन बायका बसून नवरीला हळद लावत धवला म्हणत होत्या, आणि त्या मघापासून म्हणत होत्या, माझ्या स्पीकरच्या खाली. मांडवातली पोरं नाचायची थांबली होती, कुणी मोबाईलचा टॉर्च लावला होता, आणि सगळे तिकडे तोंड करून उभे. लाईट आली, माझ्या स्क्रीनवर गाणं जिथे थांबलं होतं तिथेच होतं, बटण दाबायचं फक्त. माझा असिस्टंट म्हणाला, दादा लाव ना. मी म्हटलं थांब. धवला संपेपर्यंत फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खालीच ठेवला. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, मग मी एक जुनं संथ कोळीगीत लावलं, सहाच्या ठेक्यातलं, अगदी बारीक आवाजात, आणि त्यातल्याच एक बाई बसल्या जागी टाळी देत ते म्हणायला लागल्या. मग आवाज हळूहळू वर.

तेव्हापासून हळदीची बोलणी करायला कोणी आलं की मी विचारतो, धवलारीण आहे का? असेल तर हळद लागेपर्यंत माझं काहीच वाजत नाही, आणि माझा एक माईक तिच्यासाठी असतो, भाडं लावत नाही. त्याची वायर लांब घेतो, कारण ती स्टेजवर येत नाही, ओटीवर खाली बसूनच म्हणते, आणि स्टँड आखूड लागतो. तुमच्याकडे कुणाची हळद असेल तर तुमच्या डीजेला एवढं आधीच सांगून ठेवा, लांब वायर आणि आखूड स्टँड, कुणाकडेही असतो.